खेकड्यावरची झूल

“काका, हँडब्रेक ओढलाय ना?” पियूषने पुन्हा विचारलं.

“वडलाय वो सायेब. तुमी ढकला.”

यात खोटं काही नव्हतं. नथूने हँडब्रेक ओढला होता. पण त्याच्या पिकअपचा हँडब्रेक म्हणजे घरातलं जुनं माणूस, मान द्यायचा, कामाला लावायचं नाही. गाडी थांबवायची तर चाकाला दगड लावावा लागायचा, आणि दगड लावायचं आज नेमकं राहून गेलं होतं. चौघांनी जोर केला. त्या चार चाकांच्या धुडाची पुढची दोन चाकं फळ्यांवरून चढून पिकअपच्या उघड्या फाळक्यावर आली आणि त्याच धक्क्याने पिकअप हळूच पुढे सरकली. फळ्या धाडकन खाली पडल्या. पुढचे पाय फाळक्यावर, मागचे जमिनीवर अशा अवस्थेत ते धूड पिकअपच्या मागोमाग निघालं, गाईमागे वासरू निघावं तसं. उतार सरळ धरणाच्या पाण्याकडे जात होता.

“गेली, गेली,” असं म्हणून पियूषने गळ्यातली शिट्टी वाजवली. पण पिकअपला शिट्टी कळत नाही.

कडेला एका धोंड्यावर धुळा धनगर बसला होता. तो उठला, बसायचा धोंडा उचलून त्याने चाकापुढे टाकला. गाडी थांबली. मग तो परत बसायला गेला तर धोंडा नाही. तेव्हा तो तसाच जमिनीवर बसला आणि तंबाखू मळायला लागला.

“नथू,” तो म्हणाला, “बैल बी असंच चढिवतो व्हय रं?”

हे बोलणं नथूला झोंबलं. कारण बैल चढवणं हीच तर त्याची ओळख होती.

आता हे धूड म्हणजे काय, ते सांगायला हवं. मुळशी धरणाच्या काठाला हल्ली दर दोन वळणांनी एक रिसॉर्ट झालंय, आणि प्रत्येक रिसॉर्टला ही फुगीर चाकांची गाडी लागते. शहरातली माणसं पैसे मोजून तिच्यावर बसतात, आमच्याच खाचरांतून गोल गोल फिरतात आणि चिखलाने माखून खूश होऊन परत जातात. आमचे बाप त्याच चिखलात जन्मभर फिरले, त्यांना कुणी हेल्मेट दिलं नाही. तर तिचं नाव एटीव्ही. गावात तिला खेकडा म्हणतात. ह्या रिसॉर्टचा एक खेकडा बंद पडला होता आणि तो माण गावातल्या मेकॅनिककडे पोचवायचा होता. पियूष तिथला मॅनेजर, कोथरूडचा, मुलगा गुणी. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची काळजी वाटायची.

आणि नथू म्हणजे खडकवाडीचा नथू. त्याची पिकअप भाड्याने फिरायची, पण खरं काम शर्यतीच्या बैलांचं. कुठल्याही घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत असो, बैल न्यायचे ते नथूनेच. बैल जिंकला की मालकाला फेटा, बैलाला झूल, आणि पुढे हलगी. नथू आपला स्टेअरिंगवर. त्याच्या वाट्याला गुलाल यायचा तो काचेवर पडेल तेवढा, आणि घरी जाऊन तोही पुसायला लागायचा.

त्याचा स्वतःचाही एक बैल होता. पाखऱ्या. असा बैल की बघणाऱ्याने म्हणावं, हा नुसता उभा राहिला तरी नंबर येईल. पाखऱ्या ऐन भरात आला, नथूने पैज लावली, बायकोने, तुळजाबाईने, त्याच्यासाठी झूल शिवायला घेतली. लाल मखमल, कडेला आरसे, चार टोकांना गोंडे. पाखऱ्या जिंकला की त्याच्या अंगावर घालून गावातून मिरवायचं. तिचा शेवटचा टाका पडला आणि शर्यतींवर बंदी आली. बंदी उठली तेव्हा पाखऱ्याचं वय झालेलं. तरी नथूने हौसेने त्याला एकदा जुंपलाच. पाखऱ्या निम्म्या घाटापर्यंत पळाला, मग थांबला, आणि वळून सावकाश प्रेक्षकांकडे बघत राहिला. दोन दिवाळ्यांमागे तो गेला. झूल प्लास्टिकच्या पिशवीत पिकअपच्या सीटमागे तशीच राहिली. तुळजाबाईने ती परत कधी मागितली नाही आणि नथूने कधी दिली नाही.

“सायेब, फळ्यांचं काम न्हाई हे,” नथू म्हणाला. “बांदाला लावू या गाडी.”

बैल चढवायचे ते असेच. बांधाची उंची आणि हौद्याची उंची एक झाली की जनावराला कळतही नाही आपण गाडीत गेलो ते. नथूने पिकअप बांधाला पाठ करून लावली, या वेळी दगडही लावला. सगळ्यांनी खेकडा वळसा घालून बांधावर नेला आणि लांबून पळत पळत ढकलला. जरा जास्तच पळाले. खेकडा हौद्यात शिरला तो थेट केबिनला जाऊन भिडला, आणि आतला दत्ताचा फोटो ड्रायव्हरच्या सीटवर येऊन पडला.

“चढला का न्हाई?” नथू म्हणाला.

“चढला काका. पण याचा ब्रेक धरत नाही, आणि हँडल लॉक होत नाही. बांधायचे पट्टे पुण्याला राहिलेत.” पियूषने हँडल हलवून दाखवलं. ते इकडून तिकडे मोकळं फिरत होतं. “वळणावर हे फिरणार आणि दोऱ्या ढिल्या होणार. आणि प्लीज, सीट नवीन आहे, चरे पडले तर मालक मला ठेवणार नाही.”

नथूने बैलांचे कासरे काढून खेकडा चारी बाजूंनी बांधला. हँडल धरायला धुळा तयार झाला. त्याला मेंढरांचं औषध आणायला खडकवाडीपर्यंत यायचंच होतं, कळप बायजाच्या, बायकोच्या, भरवशावर पाण्याकाठी सोडला होता. राहिली सीट. पियूषने पोतं सुचवलं. पोतं होतंही, हौद्यातच पडलं होतं. नथूने त्याच्याकडे बघितलं. मग केबिनमध्ये वाकून सीटमागची पिशवी काढली, झूल झटकली आणि खेकड्यावर घातली.

“भारी आहे हो हे,” पियूष म्हणाला. “चालेल ना वापरलेलं?”

“चालतंय. नुस्तीच पडलीया,” नथू म्हणाला, आणि गोंडे सारखे करत बसला.

पियूषला पर्यटकांची एक तुकडी मार्गी लावून मग मोटारसायकलवर मागून यायचं होतं. पिकअप निघाली. आता तिचं रूप बघा. हौद्यात चार चाकांचं नवंकोरं वाहन, त्याच्यावर आरशांची लाल झूल, चारी बाजूंनी बैलाचे रंगीत कासरे, आणि वर मुंडासं बांधून, कपाळाला भंडारा लावून, दोन्ही हातांनी हँडल धरून बसलेला धुळा. नथूच्या हे काही लक्षात आलं नाही. तो पुढे बसला होता, आणि त्याला आरशात दिसत होत्या त्या फक्त धुळाच्या वहाणा.

त्याच दिवशी वरच्या अंगाला वडाच्या माळावर भैरवनाथाच्या जत्रेची शर्यत होती. नथू मुद्दामच तिकडे गेला नव्हता. पाखऱ्या गेल्यापासून त्याला त्या घाटात बघवत नसे. पहिलं बक्षीस म्हणून एक गाडी जाहीर झाली होती. कुठली, ते कमिटीने गुपित ठेवलं होतं, म्हणजे देणगीदार अजून सापडला नव्हता. खडकवाडीच्या पोरांनीही बैल नेले होते आणि पोरं जिंकणारच असं चंद्रकांतने ठरवून टाकलं होतं. चंद्रकांत म्हणजे माणच्या बाजूची जमीन विकून, खोल्या बांधून, भाडी घेऊन आता पंचायतीच्या निवडणुकीची वाट बघणारा माणूस. त्याने सकाळपासून वेशीजवळ हलगीवाले बसवले होते, गुलालाची पोती सोडली होती, फेटे आणले होते, माइक लावला होता. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. दुपार कलली तरी घाटातून फोन येईना. हलगीवाले पेंगायला लागले होते.

अशात वरच्या, घाटाकडून येणाऱ्या रस्त्याने झूल घातलेलं वाहन घेऊन पिकअप आली.

आधी एक हलगी वाजली. मग सगळ्या. नथूला वाटलं कुणाचं लग्न आहे, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली, तर गर्दी कडेला आली. काच खाली करून तो विचारणार तोच मूठभर गुलाल आत आला.

“नथूभाऊ,” चंद्रकांतने दार उघडून त्याला मिठीच मारली, “आरं, कुनाला सांगितलं बी न्हाई.”

“काय सांगायचं?”

“बगा. अजून म्हनतुया काय सांगायचं.”

गर्दीत एकाने शंका काढली की पाखऱ्याला जाऊन तर दोन वर्षं झाली, मग ह्याने जुंपलं काय? रास्त शंका होती. पण गुलाल उडाला की हिशेब कुणाला लागत नाही. चंद्रकांतने लगेच माइकवरून खुलासा केला, “कासारसाईच्या पावन्यांच्या बैलात नथूभाऊंचा वाटा हाय. मला पयल्यापास्नं ठाऊक हुतं.” हे नथूला त्याच वेळी पहिल्यांदा कळलं. त्याच्या डोक्यावर फेटा बांधला गेला. वर धुळाच्या गळ्यात हार पडला आणि तोंडात पेढा.

“काय धुळोबा, किती सेकंदात फोडला घाट?” कुणीतरी विचारलं.

“मी मेंढरांचं औशद न्यायला आलुया,” धुळा पेढा खात म्हणाला. लोक पोट धरून हसले. एवढं जिंकून म्हातारा गंमत करतो, हे त्यांना फार आवडलं.

नथूने चंद्रकांतच्या हातातला माइक ओढला. “ऐका, ही गाडी माजी न्हाई.”

चंद्रकांतने माइक परत घेतला. “ऐकलंसा? नथूभाऊ म्हनत्यात गाडी माजी न्हाई. मग कुनाची? गावाची. ह्येला म्हनत्यात मन.” टाळ्या पडल्या.

“आरं भाडं हाय त्ये. रिसॉर्टचं.”

“रिसॉर्टवाल्यांनी भाड्यानं मागितली बी. आज जिंकली, आज धंदा सुरू. शिका, पोरांनो.”

आता ह्याला काय म्हणावं? नाही म्हणावं तेवढा मोठेपणा वाढत चालला होता. हलगीवाले पुढे झाले, पोरं बॉनेटला हात लावून चालू लागली, आणि नथूला पहिल्या गिअरवर त्यांच्यामागे गाडी न्यावी लागली. दोन्ही बाजूंनी माणसं हात करत होती. वीस वर्षं ज्याने कधी मान वर करून रामराम घातला नव्हता तोही छातीला हात लावत होता. खोटं कशाला बोला, नथूला बरं वाटलं. आरशात त्याने स्वतःला फेट्यात बघितलं आणि नकळत मिशीवरून हात फिरवला. गुलाल काचेवर न पडता अंगावर पडला की कसा लागतो, ते त्याला त्या दिवशी कळलं. एका आळीभर तो खरोखरच जिंकलेला माणूस होता.

आळीच्या टोकाला चंद्रकांतची बायको शुभांगी भेटली. खिडकीशी वाकून म्हणाली, “भावजी, तुळजाक्कास्नी सांगितलंय मी. ठेवनीतली साडी नेसत्यात. रडाय लागल्या वो त्या. म्हनल्या, झूल बगितली का तू, झूल घातलीया का?”

नथूचा पाय ब्रेकवर गेला. सगळा आनंद एका क्षणात उतरला. गावाचं काय, गाव आज फेटा बांधेल आणि उद्या विसरेल. तुळजा विसरणार नव्हती. दिव्याच्या उजेडात टाके घालून जिने ती झूल शिवली, ती आता दारात ताट घेऊन उभी राहणार, आणि भरल्या गावासमोर तिला कळणार की नवऱ्याने झूल एका बिघडलेल्या खेकड्यावर घातलीय. तिला दारात यायच्या आधी गाठायला हवं होतं. त्याने फोन लावला.

“तुळजे, आगं ऐक...”

“व्हय व्हय, कळलं मला,” पलीकडून ती ओरडली. “हलगी ऐकू येतीया. या सावकाश.” फोन बंद झाला.

मग नथूने गाडी तिथंच सोडली आणि दार उघडून चालायला लागला. मिरवणूक त्याच्यामागे वळली, कारण मिरवणूक माणसाची असते. तो भराभर चालू लागला, हलगीवाले भराभर चालू लागले. तो पळायला लागला तेव्हा ते पळत वाजवायला लागले. “लई घाई झालीया बायकोला सांगायची,” असं कुणीतरी म्हणालं आणि बायाबापड्या कौतुकाने हसल्या. पंचावन्न ओलांडलेला माणूस, डोक्यावर सुटत आलेला फेटा, मागे अख्खं गाव. असा तो घरापर्यंत पोचला.

तुळजाबाई दारात उभी होती. अंजिरी रंगाची काठापदराची साडी, हातात ताट, ताटात पेटवलेलं निरांजन. ती हसत होती. इतकी हसताना नथूने तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं आत्ता जमीन फाटावी.

“थांब,” तो धापा टाकत म्हणाला. “ओवाळू नगं. आपुन न्हाई जिंकलो. गाडी रिसॉर्टची हाय. बिगडलीया. मानला मेकॅनिककडं टाकायचीय. भाडं हाय, तुळजे.”

हलग्या एकेक करून थांबल्या. गावापुढे माणूस विनय दाखवतो, बायकोपुढे कुणी दाखवत नाही. तेव्हा कुठे लोकांना पटलं.

आणि वरातीमागून घोडं यावं तसा तेवढ्यात पियूष मोटारसायकलवरून गर्दीत घुसला. त्याचा चेहरा उतरला होता. “काका, तुमची गाडी आपोआप चाललीये. त्यात ड्रायव्हर नाही.”

नथूने ज्या उतारावर पिकअप सोडली होती तिथून ती खरोखरच निघाली होती, आणि नथूच्या घराजवळच्या मारुतीच्या पाराला टेकून थांबली होती. धुळा वरच होता. त्याने इतका वेळ जिवाच्या आकांताने खेकड्याचा ब्रेक दाबून धरला होता, आणि गाडी आपल्यामुळेच थांबली याबद्दल त्याच्या मनात कसलीही शंका नव्हती.

“आणि आमच्या एटीव्हीवर गुलाल कोणी टाकला?” पियूषने विचारलं. मागे एकजण म्हणाला, “नथूभाऊंनी भाडं जिंकलं,” आणि हशा पिकला. मघाशी छातीला हात लावणारेच हसत होते. चंद्रकांतचा फोन वाजला. घाटातून पोरांचा होता. पोरांचे बैल बाद झाले होते. तो फोन खिशात टाकून कुठेतरी बघत उभा राहिला.

नथूने डोक्यावरचा फेटा सोडला. तो जमिनीला लागू न देता हातावर गुंडाळला, नीट घडी केली आणि चंद्रकांतच्या हातात दिला. “पोरं आल्यावं त्यास्नी बांद,” तो म्हणाला. “हरलेत तरी पळालेत की.”

तुळजाबाई अजून ताट घेऊन तशीच उभी होती. ती गर्दीकडे बघत नव्हती.

“झूल कशापायी काडली?” तिने विचारलं.

“सीटला चरे पडत्यात म्हनून.”

“पोतं नव्हतं व्हय गाडीत?”

नथू म्हणाला, “हुतं. पोतं हुतं. पर पाखऱ्या गेला. आता दुसरा बैल काय आपल्याच्यानं हुनार न्हाई. पिशवीतच कुजली असती तुजी झूल. म्हनलं, कशावर का हुईना, येकदा तरी तिला रस्त्यानं न्यावी.”

तुळजाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. हातात ताट होतं म्हणून तिने ते दंडाने पुसलं. नथूला वाटलं, आता ही बोलणार, सगळ्यांदेखत सोलून काढणार, आणि त्याची तयारी होती.

“मग मला सांगायचं न्हाई व्हय,” ती म्हणाली. “मी बी आले असते.”

गर्दी पांगायला लागली. पाराजवळ धुळा हार गळ्यात तसाच ठेवून खाली उतरला. “मी न्हाई आता फुडं. औशद घितो अन् जातो. बायजा येकलीच हाय मेंढरांपाशी.” नथूने हँडल धरायला इकडे तिकडे बघितलं. मघाशी बॉनेट धरून चालणारी पोरं आता मोबाइलमध्ये बघत होती. पियूषला मोटारसायकल सोडता येत नव्हती.

तुळजाबाईने ताट शुभांगीच्या हातात दिलं. “धर. वात इजू दिऊ नगं.” मग तिने पदर खोचला, पाराच्या पायऱ्या चढली, आणि पारावरून सरळ हौद्यात पाय टाकला.

“आगं, तू कुटं?” नथू म्हणाला.

“साडी नेसलीच हाय तर,” ती म्हणाली. “कसं धरायचं ह्ये, दोनी हातांनी?”

“काकू, हेल्मेट...” पियूष म्हणायला लागला, पण तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते हेल्मेट स्वतःच घातलं. ती झुलीवर बसली, गोंडे दोन्हीकडे सारखे केले आणि हँडल घट्ट धरलं.

खडकवाडी मागे पडली. घोटवडे फाटा गेला. माण जवळ आलं तसे काचेचे मनोरे दिसू लागले आणि कंपन्या सुटायची वेळ असल्याने सगळा रस्ता गाड्यांनी भरला. पिकअप गोगलगायीच्या चालीने निघाली. दोन्ही बाजूंच्या मोटारींतून, बसमधून मोबाइल वर आले. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका मुलीने बसच्या खिडकीतून विचारलं, “आजी, जिंकलात का?”

“न्हाई,” तुळजाबाई म्हणाली. “भाडं हाय.”

तिने मान खाली घातली नाही. मान वळवली की केबिनच्या मागच्या काचेतून नथूला तिचे हिरव्या बांगड्यांचे हात दिसत होते आणि तिच्या मागे उन्हात चमकणारे झुलीचे आरसे. ती समोर बघत होती. बसमधली माणसं हात करत होती आणि ती अधूनमधून हँडलवरचा एक हात जरासा उचलून त्यांना उत्तर देत होती.

डाव्या हाताला मेकॅनिकचं गॅरेज आलं. नथूने ते बघितलं. पाटी बघितली, दारात उभा असलेला मेकॅनिकही बघितला, आणि गाडी सरळ पुढे काढली.

“काका,” मागून पियूष हॉर्न देत ओरडला, “गॅरेज मागे राहिलं.”

नथूने काच वर केली. पुढचा मोठा चौक येईपर्यंत त्याने दुसरा गिअर टाकला नाही, आणि तिथून सावकाश वळसा घालून तो त्याच गर्दीतून परत निघाला.